निळी लाइट ड्राइव्हवेत चालते आणि कॉलला निघालं की बंद पडते: नवीन लाइट घेण्याआधी हे तपासा

ही निळी लाइट म्हणजे अमेरिकेतले व्हॉलंटियर फायर फायटर आगीच्या कॉलला पळताना आपल्याच गाडीवर लावतात ती. आधी लक्षणं सांगतो, तुमची कुठली आहे ते ओळखा, कारण अर्धं काम तिथेच होतं.

गाडी उभी असताना लाइट मस्त चालते पण रस्त्याला लागलं, एखादा खड्डा आला, रेल्वे क्रॉसिंग आलं की बंद, आणि मग आपोआप चालू. हे सगळ्यात जास्त बघायला मिळतं.

हीटरचा ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर आणि वायपर एकदम लावले की लाइट लपलपते किंवा मध्येच एखादा फ्लॅश खाते.

पॅटर्न आपोआप बदलतो. काल डबल फ्लॅश होता, आज भलताच काहीतरी चालू आहे आणि बटणाला कोणी हात लावलेला नाही.

लाइट पूर्ण मेलेली, आणि त्याच सॉकेटवर फोन पण चार्ज होत नाही. किंवा उलट, फोन चार्ज होतो पण लाइट लागत नाही (हे लक्षण लक्षात ठेवा, खाली याच्यावर बरंच लिहिलंय).

फ्यूज परत परत उडतो. सकाळी गाडी सुरू होत नाही, बॅटरी बसलेली. लाइट लावली की पेजर आणि रेडिओत खरखर सुरू होते आणि डिस्पॅच (कॉल देणारा कंट्रोल रूम) काय बोलतोय ते कळत नाही.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत फायर फायटर म्हणजे पगारी नोकर असं बहुतेकांना वाटतं पण एनएफपीए या तिथल्या आगसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या आकड्यांनुसार देशातले साधारण ६५ टक्के फायर फायटर व्हॉलंटियर आहेत. म्हणजे घरी जेवत असतो, पेजर वाजतो, आपल्याच गाडीने फायरहाऊसला पळायचं. त्या आपल्या गाडीवर न्यू जर्सीत निळी लाइट लावता येते, त्यासाठी परमिटचं कार्ड असतं आणि ते जवळ ठेवावं लागतं. शेजारी न्यूयॉर्कमध्ये फायरवाल्यांना निळी आणि व्हॉलंटियर अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना हिरवी. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र लाल, तीही परमिटवर, कारण तिथे निळी पोलिसांची. भारतातले नातेवाईक आले की गाडीतला दिवा बघून त्यांना व्हीआयपी वगैरे काहीतरी वाटतं (आपल्याकडचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले तरी डोक्यातून गेलेले नाहीत), तर तसं काही नाहीये. न्यू जर्सीच्या कायद्यात स्पष्ट आहे की निळ्या लाइटने तुम्हाला वाहतुकीचा कुठलाही जादा हक्क मिळत नाही. सिग्नल लाल असेल तर थांबायचं, स्पीड लिमिट पाळायचं. ही लाइट बघून पुढच्याने वाट द्यावी असं कायदा म्हणतो, पण त्याने दिली नाही तर आपणच थांबायचं.

आणि म्हणूनच पहिली गोष्ट, तपासणीच्या पण आधी: कॉलला जाताना लाइट बंद पडली तर तिला हात लावायचा नाही. प्लग दाबत बसायचं नाही, खाली वाकून वायर बघायची नाही. लाइटशिवाय जायचं, सगळ्यांसारखं. व्हॉलंटियर घटनास्थळी जाता-येता गाडीच्या अपघातात जीव गमावतात ही अमेरिकन फायर सर्व्हिसची फार जुनी जखम आहे. त्यात एका लूज प्लगची भर नको.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या फायर कंपनीतल्या (म्हणजे फायरहाऊसच्या तुकडीतल्या) आणि आजूबाजूच्या टाउनमधल्या पोरांच्या गाड्या मी बघतो, आणि माझं ठाम मत असं झालंय की बंद पडणाऱ्या लाइटपैकी बहुतेकांमध्ये लाइट चांगलीच असते. एलईडी इतक्या सहज मरत नाही. करंट तिच्यापर्यंत पोचत नाही हा खरा रोग. लोक शे-दोनशे डॉलरची नवीन लाइट मागवतात, ती त्याच सडक्या सॉकेटला लावतात आणि पंधरा दिवसांनी परत तेच.

फुकटातली तपासणी: प्लग आणि सॉकेट

डॅशबोर्डवरची लाइट बहुतेकांची सिगारेट लायटरच्या प्लगवर असते. हा सॉकेट मुळात तापलेला लायटर धरायला केलेला, वायरिंगसाठी नाही. मधल्या टोकाला पॉझिटिव्ह आणि बाजूच्या दोन पत्र्यांच्या स्प्रिंगवर निगेटिव्ह, बस्स. कुठे लॉक नाही, स्क्रू नाही. गाडी हादरली की प्लग मिलिमीटरभर मागे येतो आणि संपलं.

प्लग काढा आणि नीट बघा. मधलं टोक दाबून सोडा, झटकन बाहेर यायला पाहिजे. अडकत असेल तर आतली स्प्रिंग गंजली. बाजूचे पत्रे हाताने थोडे बाहेर ओढा, वर्षभर दाबून दाबून ते चपटे झालेले असतात. टोकावर काळा डाग दिसला तर तिथे बारीक ठिणग्या उडत होत्या असं समजा, बारीक सॅंडपेपरने साफ करा. प्लगचं प्लास्टिक वितळल्यासारखं किंवा पिवळट झालं असेल तर साफ करायच्या भानगडीत पडू नका, प्लग कापून नवीन लावा.

मग सॉकेटमध्ये टॉर्च मारा. नाणं पडलेलं असतं, हे फार कॉमन आहे, नाण्याने शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. कॉफीचा चिकट थर असतो. आत काही घालायचं असेल तर आधी गाडी बंद करा आणि त्या सॉकेटचा फ्यूज काढा, कारण बऱ्याच गाड्यांत गाडी बंद असली तरी सॉकेट चालू असतो.

यानंतर प्लग दुसऱ्या सॉकेटला लावा. डिकीत असेल, मागच्या सीटला असेल. शक्य असेल तर दुसऱ्याच्या गाडीत लावा. एवढ्या एका गोष्टीने दोष लाइटकडे आहे की गाडीकडे ते कळतं आणि एक पैसा लागत नाही, तरी लोक हे शेवटी करतात.

दोन डॉलरची तपासणी: फ्यूज

फ्यूज दोन ठिकाणी असतो आणि पहिला बऱ्याच जणांना माहीतच नसतो. लायटर प्लगचं टोक गोल फिरवलं की उघडतं आणि आत काचेचा छोटा फ्यूज असतो. तो काढून उजेडात धरा. तार तुटलेली दिसली तर सोपं काम. पण कधी कधी तार शाबूत असते आणि फ्यूजच्या टोपीपाशी लूज झालेली असते, म्हणजे डोळ्याला चांगला आणि हादऱ्याला बंद. शंका असेल तर सरळ बदला.

टोक परत बसवताना घट्ट फिरवा. हादऱ्याने ते सैल होतं आणि नुसतं एवढंच कारण असलेल्या गाड्या मी बघितल्यात.

दुसरा फ्यूज गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये. कुठला ते झाकणाच्या मागच्या चित्रावर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. रंगावरून अँपिअर कळतात: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. १५ चा उडतोय म्हणून ३० चा टाकायचा हा उपाय फायरहाऊसच्या पार्किंगमध्ये कोणीतरी सुचवतोच, कृपा करून ऐकू नका. फ्यूज लाइटला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. १५ अँपिअरच्या हिशोबाची वायर ३० ला कार्पेटखाली तापते, तिचं प्लास्टिक वितळतं, आणि मग आपल्यालाच गाडी विझवायला जावं लागतं. आपण लोकांच्या घरी जाऊन एक्स्टेंशन कॉर्डवर भाषण देतो, तेच आपल्या गाडीत पाळायचं.

नवीन फ्यूज टाकल्या टाकल्या उडाला तर दुसरा टाकून बघू नका. कुठेतरी पॉझिटिव्ह वायर बॉडीला टेकलीय, ती सापडेपर्यंत लाइट बंद ठेवा.

फोन चार्ज होतो पण लाइट लागत नाही, हे कसं?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. फोनचा चार्जर साधारण एखाद-दोन अँपिअर घेतो. मोठी डॅश लाइट किंवा दोन-तीन लाइट एकत्र असतील तर ५ अँपिअर किंवा त्याच्या वर. मध्ये कुठे कार्बन धरलाय, वायरीच्या दहा तारांपैकी दोनच शिल्लक आहेत, तर थोडा करंट आरामात जातो पण जास्त मागितला की तिथेच व्होल्टेज खातो. पाइप मुडपलेला असला तरी नळाचं तोंड बंद असताना प्रेशर पूर्ण दिसतं, तोंड उघडलं की धार बारीक होते, तसं.

म्हणून मल्टिमीटर लावून "१२ व्होल्ट तर येतायत" असं म्हणणारा माणूस बरोबर असूनही चुकतो. लाइट काढून ठेवून मोजलं तर सडक्या जोडातून पण १२.६ दिसतात, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. मोजायचं ते लाइट चालू असताना, लाइटच्याच वायरीवर.

आणि एलईडी मंद होत नाही, बंद-चालू होते, हेही याच्यामुळेच. एलईडीच्या आत ड्रायव्हर सर्किट (तिला करंट पुरवणारं) असतं, व्होल्टेज ठरावीक पातळीच्या खाली गेलं की ते स्वतःला बंद करतं. बंद झालं की करंट शून्य, करंट शून्य झाला की व्होल्टेज परत वर येतं, वर आलं की ते चालू होतं, चालू झालं की परत खाली. जुन्या हॅलोजनच्या फिरत्या लाइट मिणमिणायच्या तरी, दोष कळायचा. एलईडी बघून वाटतं लाइटच बिघडली.

पंधरा-वीस डॉलरचा मल्टिमीटर: अर्थिंगची तपासणी

मला एकच तपासणी करायला मिळाली तर मी ही करेन. लाइट कायमची वायरिंग करून बसवली असेल, ग्रिलमध्ये, मागच्या काचेला, नंबर प्लेटपाशी, तर लोक पॉझिटिव्हची फार काळजी घेतात, चांगली वायर, फ्यूज, सगळं, आणि निगेटिव्ह कुठल्यातरी जवळच्या स्क्रूला गुंडाळून मोकळे होतात. करंटला जायला जेवढी वाट लागते तेवढीच परत यायला लागते.

गाडी बाहेर मोकळ्यावर उभी करा. इंजिन चालू ठेवायचंय, म्हणून गॅरेजमध्ये नको, दार उघडं असलं तरी नको, कार्बन मोनॉक्साइडचे कॉल आपण कमी बघत नाही. लाइट चालू करा. स्थिर जळणारा पॅटर्न असेल तर तो लावा, कारण फ्लॅशबरोबर मीटरचे आकडे नाचतात आणि काही कळत नाही. स्थिर पॅटर्न नसेल तर मीटरवर मिन-मॅक्सचं बटण असतं ते वापरा.

मीटर डीसी व्होल्टवर. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी लाइटच्या निगेटिव्ह वायरीवर, लाइटच्या जितकी जवळ तितकी. डिकीतल्या लाइटला मीटरची वायर पुरणार नाही, साधी लांब वायर जोडून घ्या. आकडा ०.१ किंवा ०.२ च्या आत असेल तर अर्थिंग छान. ०.५ च्या वर गेला तर दोष सापडला, पुढे काही बघायची गरज नाही. आता तीच पिन वायरीवरून काढून अर्थिंगच्या बोल्टवर ठेवा, मग बोल्टशेजारच्या बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. ज्या जागी आकडा एकदम पडतो, त्याच्या आधीच्या जोडात घाण.

बोल्ट काढलात की बहुतेक वेळा चित्र एकच असतं. रिंग टर्मिनलच्या खाली गाडीचा रंग तसाच आहे, म्हणजे तांब्याचा आणि पत्र्याचा संबंधच नाही, करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जातोय, आणि न्यू जर्सीतल्या हिवाळ्यात रस्त्यावर जे मीठ टाकतात ते त्या आट्यांत जाऊन पांढरट-हिरवा चुरा झालाय. रिंग धरून जरा ओढली तर कधी कधी हातातच येते, वायरीच्या आत तांबं काळं पडलेलं. काळी वायर चकाकेपर्यंत मागे कापा, नवीन रिंग दाबून बसवा, नाण्याएवढ्या जागेवरचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि मग वरून ग्रीस किंवा रंग मारा. ग्रीस वरून, आधी नाही.

बोल्ट निवडताना दोन पथ्यं. सीटबेल्टचा बोल्ट कधीही उघडायचा नाही, तो कितीही सोयीचा वाटला तरी. आणि नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तुमची निगेटिव्ह थेट बॅटरीच्या खांबावर लावलीत तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि गाडीचा चार्जिंगचा हिशोब चुकतो. निगेटिव्ह बॉडीवरच्या अर्थिंग पॉइंटला लावा, बॅटरीची स्वतःची जाड अर्थ वायर जिथे बॉडीला बोल्ट केलीय ती जागा उत्तम.

पॉझिटिव्हची तपासणी अशीच: एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी लाइटच्या पॉझिटिव्हवर. इथे अर्धा व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. जास्त असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड खराब. बारीक वायरीचा हिशोब सोपा आहे (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक). १८ गेजची वायर हजार फुटाला साधारण ६.४ ओहम. लाइट बारा फुटांवर असेल तर जाऊन-येऊन २४ फूट, म्हणजे ०.१५ ओहम, ५ अँपिअरला पाऊण व्होल्ट नुसत्या वायरीत गेलं. तेच १४ गेजने साधारण ०.३ व्होल्टवर येतं. लाइटबरोबर आलेली केसासारखी वायर मागच्या बंपरपर्यंत वाढवायची नाही.

जोड, बिजागरी आणि ती एक मोकळी वायर

वायरी पिळून टेप मारलेला जोड असेल तर तपासत बसू नका, सरळ नवीन करा. निळे-लाल प्लास्टिकचे दाबून बसवायचे टॅप मिळतात, चालू वायरीला चावून करंट घेणारे, ते गाडीच्या आत कोरड्या जागी कसेबसे चालतात पण बॉनेटखाली किंवा बंपरमागे वर्ष-दोन वर्षांत आत पाणी आणि मीठ जाऊन संपतात. गरम केल्यावर आवळणारे, आत गोंद असलेले जोड घ्या, किमतीत फार फरक नाही.

हॅचबॅक किंवा एसयूव्हीच्या मागच्या दाराला लाइट असेल तर वायर बिजागरीपाशी रबरी नळीतून जाते आणि तिथेच तुटते. बाहेरून दिसत नाही, कारण प्लास्टिक शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं. वायर दोन बोटांत धरून हलके ओढा, जिथे रबर बॅंडसारखी ताणली जाते तिथे आत तांबं नाही. दार उघडलं की लाइट बंद आणि लावलं की चालू असं होत असेल तर तपासायचं पण कारण नाही, तिथेच आहे.

पॅटर्न आपोआप बदलणाऱ्यांसाठी: बहुतेक एलईडी लाइटला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हशिवाय एक किंवा दोन जादा वायरी असतात, एक पॅटर्न निवडायची, एक दोन लाइट एकत्र चालवायची. पॅटर्नच्या वायरीला क्षणभर निगेटिव्ह (काही मॉडेलमध्ये पॉझिटिव्ह) टेकवलं की पुढचा पॅटर्न येतो. बसवताना ती वायर तशीच सोलून लोंबती सोडलेली असते आणि हादऱ्याने बॉडीला टेकते. टोक कापा, टोपी घाला, बांधून टाका. रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा, मॅन्युअल बघूनच करा.

बॅटरी बसते

लाइट बंद केलीय म्हणजे करंट बंद आहे असं नाही. काही कंट्रोलर आणि प्लगमधले स्विच बंद असतानाही थोडा करंट घेत राहतात, आणि कायम चालू असलेल्या सॉकेटला चार दिवस लाइट विसरली तर छोटी बॅटरी बसतेच. आधी फुकटचं: आठवडाभर प्लग काढून ठेवा. बॅटरी बसायची थांबली तर उत्तर मिळालं.

मोजायचं असेल तर मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये. दारं बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ लागतो. सगळं झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर लाइटचा फ्यूज काढा आणि आकडा पडतो का बघा. मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करायचा प्रयत्न मात्र करू नका, मीटर जाईल. उपाय म्हणजे लाइटचा करंट इग्निशनवर चालणाऱ्या रिलेमधून (चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) घ्यायचा, चावी काढली की सगळं बंद.

हायब्रिडवाल्यांनी जास्त जपा, त्यांची १२ व्होल्टची बॅटरी छोटी असते आणि ती बसली की एवढी मोठी बॅटरी असूनही गाडी हलत नाही. काही नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत ती छोटी बॅटरी लिथियमची आणि १५-१६ व्होल्टची असते, लाइटवर किती व्होल्टपर्यंत चालते ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

पेजर आणि रेडिओतली खरखर

एलईडीचा ड्रायव्हर फार वेगाने करंट तोडत-जोडत असतो आणि स्वस्त लाइटमध्ये तो आवाज अडवायला काही घातलेलं नसतं. आपले बरेच डिस्पॅच व्हीएचएफ रेडिओ बँडवर आहेत, आणि तिथे हा आवाज बरोबर येऊन बसतो. तपासायला पेजर मॉनिटरवर (सतत ऐकू येईल असा) ठेवून लाइट चालू-बंद करा. खरखर लाइटबरोबर येत-जात असेल तर पेजर दोन-तीन फूट लांब नेऊन बघा, कमी झाली तर निम्मा प्रश्न जागा बदलून सुटला. मग लाइटच्या वायरीवर, लाइटच्या अगदी जवळ, क्लिप होणारा फेराइट (असा आवाज अडवणारा चुंबकीय मण्यासारखा तुकडा) लावा, वायर त्यातून दोन वेळा घ्या. तरी राहिली तर ती लाइट बदलाच. इथे मात्र मी म्हणतो की नवीन घ्या, चांगल्या कंपनीची. आत कोण अडकलंय हे रेडिओवर ऐकू आलं नाही तर त्या निळ्या उजेडाचा काय उपयोग.

लाइटच खराब आहे हे कधी म्हणायचं

वरचं सगळं झाल्यावर लाइट गाडीतून पूर्ण काढा, मध्ये छोटा फ्यूज घालून थेट चांगल्या बॅटरीला जोडा आणि हातात धरून हलवा, वायर जिथे आत शिरते तिथे वाकवा. तरी बंद पडली तर लाइट गेली. काचेच्या आतून वाफ किंवा पाण्याचे थेंब दिसत असतील तर तेही कारण पुरेसं आहे. नवीन घेताना एसएई जे५९५ किंवा जे८४५ (इशाऱ्याच्या लाइटची मानकं) लिहिलंय का बघा.

इथे थांबा, पुढे हात घालू नका

पिवळ्या रंगाचा कनेक्टर किंवा पिवळं आवरण दिसलं की थांबा, बहुतेक गाड्यांत ते एअरबॅगचं असतं. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांत आणि छताच्या कडेला पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात. त्यांच्यावरून वायर नेली तर अपघातात बॅग नीट उघडत नाही किंवा तुमची वायर, क्लिप, लाइट तोंडावर येते. तसंच पॅसेंजरच्या बाजूला डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर लाइट ठेवलेली मी सारखी बघतो, ती आजच उचला. या भागात वायर न्यायची असेल तर इमर्जन्सी गाड्यांचं काम करणाऱ्या दुकानातच द्या.

नारिंगी केबल दिसली की हात मागे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतली ती हाय व्होल्टेजची, जीवघेणी.

गाडीचे स्वतःचे हेडलाइट किंवा मागचे दिवे फ्लॅश करायचे असतील तर स्वतः वायर कापू नका. हल्ली त्या दिव्यांचा करंट कॉम्प्युटर मोजतो, मध्ये काही घातलं की डॅशबोर्डवर वॉर्निंग येतात आणि मॉड्यूल जळलं तर खर्च लाइटच्या कितीतरी पट.

जळका वास आला, फ्यूज बदलल्यावर लगेच उडाला, वायरीचं आवरण कुठेही मऊ झालं, किंवा वायरिंग दुसऱ्याने केलंय आणि कुठली वायर कुठे जाते तेच कळत नाही, तर लाइटचा फ्यूज काढून ठेवा आणि गाडी दुकानात द्या. साध्या गॅरेजवाल्यापेक्षा पोलिस आणि फायरच्या गाड्या तयार करणारं दुकान बघा, पैसे जास्त घेतात पण रोज तेच करतात. गाडी परत घेताना बॉनेट उघडून विचारा की मुख्य फ्यूज कुठे आहे. तो बॅटरीच्या अगदी जवळ असायला पाहिजे, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या वायरीला कोणी वाली नसतो. दाखवता आला नाही तर गाडी ताब्यात घेऊ नका.

काम झाल्यावर टेस्ट रस्त्यावर करायची नाही, कॉल नसताना निळी लाइट लावून फिरणं न्यू जर्सीत बेकायदेशीर आहे. घरासमोर मोकळ्यावर इंजिन, ब्लोअर, डिफॉगर, वायपर सगळं चालू करून दहा-पंधरा मिनिटं लाइट लावा, लाइटवर जाड कापड टाका म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही आणि पॅटर्न कडेने दिसतो. या वेळात वायर ठिकठिकाणी हलवा, डॅशबोर्डवर तळहाताने थापा मारा, दारं जोरात लावा. शेवटी लाइट बंद करून लगेच प्लग काढा आणि टोकाला बोट लावा. कोमट चालेल, पण बोट ठेववत नसेल इतकं गरम असेल तर जोड अजून खराब आहे, परत सॉकेटपासून सुरुवात करा. आणि त्या काचेच्या फ्यूजचे दोन-तीन नग टेप लावून प्लगच्या वायरीलाच चिकटवून ठेवा, ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेले अंधारात कधीच सापडत नाहीत.